वाक्यात उपयोग

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

"पुढचा," मास्तर म्हणाले.

"पुढचा नव्हे. नाव घ्या. काय पाहिजे?"

पाण्याचा पेला तिच्या हातात होता, पलंगापासून दोन हात लांब. मास्तरांचा डावा हात तिथवर पोचत नव्हता. उजवा तर गेले आठ महिने उशीवर ठेवलेलाच असे. तीच तो उचलून इकडचा तिकडे ठेवी.

"पुढचा!" मास्तरांचा आवाज चढला.

ती शांत उभी राहिली. तिचा आवाज मुळातच कधी चढत नसे. शेजारपाजारचे म्हणत, मास्तरीणबाई बोलतात की पुटपुटतात तेच कळत नाही. आताही ती तशीच म्हणाली, "घाई नाही. पा पासून सुरू होतं."

"पा…" मास्तरांच्या ओठांचा डावा कोपरा ओढला गेला. "पा… नी."

"शाब्बास," ती म्हणाली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी पोरांवर कधी हात उगारला नाही, की कुणाला वर्गाबाहेर काढलं नाही. उभ्या केलेल्या पोराला उत्तर आलं नाही की ते फक्त हनुवटी उचलत आणि म्हणत, "पुढचा!" तेवढ्यानं तो पोरगा संपायचा. त्याच्याकडे परत वर्षभर बघायचे नाहीत. आठ महिन्यांपूर्वी दाढी करता करता मास्तर मोरीत पडले आणि डोक्यातल्या दोन्ही भाषा पुसल्या गेल्या. उरले तीन शब्द. हो, नको आणि पुढचा. पाणी हवं असलं तरी पुढचा, उकडत असलं तरी पुढचा, राग आला तरी पुढचा.

दर मंगळवारी बोलणं शिकवायला एक तरुण बाई यायची. चित्रांचे पत्ते घेऊन यायची, मास्तरांना 'सर' म्हणायची आणि हिला 'काकू'. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "काकू, तुमची एकच चूक होतेय. तुम्हाला फार लवकर कळतं."

"म्हणजे काय गं?"

"सरांनी नुसती मान वळवली की तुम्ही पाणी आणता. डोळे मिटले की पडदा ओढता. मग ते बोलतील कशाला? कळलं तरी न कळल्यासारखं करा. मागितल्याशिवाय द्यायचं नाही."

एकेचाळीस वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. सुरुवातीला हे तिच्या जिवावर येई. पेला लांब धरताना तिचाच घसा कोरडा पडे. पण हळूहळू हात सरावला, आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की पेला लांब धरायला आता तिला काहीच वाटत नाही. उलट त्या चार क्षणांत, मास्तर तोंडाकडे बघत असताना, तिला आत कुठंतरी ऐसपैस वाटतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं असेल तर ठाऊक नाही.

एका सोमवारी मॉनिटर येऊन गेला.

मॉनिटर हे त्याचं शाळेतलं नाव. आता पन्नाशीला आला होता, पोट सुटलं होतं, औषधांचं दुकान होतं. पण मास्तरांसमोर आला की अजूनही पाय जुळवून उभा राहायचा. "सर, रविवारी आपल्या बॅचचे आम्ही आठजण तळ्यावर चाललोय. तुम्हाला न्यायचंच ठरलंय. मोठी गाडी आहे, चाकांची खुर्ची मागं आरामात बसते. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सहाला घरात. काकू, तुम्ही पण."

"कार्यक्रम आहे का काही?" तिनं विचारलं.

"छे हो. सत्कार नाही, भाषण नाही, काही म्हणजे काही नाही. तळ्याकाठी बसायचं, खायचं, गप्पा मारायच्या, यायचं. नुसती मजा."

मास्तरांचे डोळे भरून आले. आठ महिन्यांत त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं मॉनिटरचं मनगट पकडलं आणि पुन्हा पुन्हा म्हणाले, "हो. हो. हो."

"बघते. शनिवारी संध्याकाळी कळवते," ती म्हणाली.

मॉनिटर गेला. ती शिवणाच्या यंत्रापाशी जाऊन बसली. हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम ती वीस वर्षं घरी करत होती. रोज तीस अभ्रे, तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी, तिला दुमड. दोन अभ्रे झाले तेव्हा तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"अहो," ती म्हणाली. "जायचंय तुम्हाला?"

"हो!"

"मग शब्द सांगा. मौजेखातर केलेल्या छोट्या प्रवासाला इंग्रजीत काय म्हणतात? शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करायचा. शनिवारपर्यंत वेळ आहे. आलं तर जाऊ."

मास्तरांना आधी ती थट्टा वाटली. त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो अर्धा चेहराही खाली आला.

शब्द होता जॉन्ट.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा. शाळेतले चौघे शिक्षक बायकांना घेऊन एका दिवसाची सहल काढणार होते आणि ठरवायला हिच्याच घरी जमले होते. ही चहा घेऊन आली तसं एकानं विचारलं, "वहिनी येणार ना?" हिनं मान हलवायच्या आत मास्तर म्हणाले, "येईल की. पण फुकट नाही. जॉन्टला जायचंय, तर जॉन्ट म्हणजे काय ते आधी यायला नको? अर्थ सांग आणि वाक्यात उपयोग कर. अख्खं वाक्य इंग्रजीत नको, ते झेपायचं नाही तुला. मराठीत कर, शब्द तेवढा घाल. आणि पुस्तकातलं ढापायचं नाही. स्वतःच्या आयुष्यातलं पाहिजे."

सगळे हसले. हीसुद्धा हसली. नवीन लग्न होतं; नवरा चारचौघांत थट्टा करतो म्हणजे त्याचं मन आहे आपल्यावर, असं तिला वाटलं. ती आठवी शिकलेली. मास्तर शाळेत गेले की ती त्यांचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसे. अर्थ तिनं घोकून पाठ केला: केवळ मौजेखातर केलेला छोटासा प्रवास. वाक्याला मात्र दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्या चौघांसमोर तिनं सांगितलं, "आईला ताप आला म्हणून मी माहेरी जॉन्टला गेले."

"आजारी माणसाला बघायला जातात ते मौजेखातर?" मास्तर म्हणाले. "काम असलं की तो जॉन्ट नव्हे. नापास. पुढचा!"

चौघांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी मास्तर एकटेच सहलीला गेले. त्यांची पिशवी हिनंच भरून दिली.

मग दर वर्षी तेच. शाळेची सहल निघो, मित्रांची निघो, मास्तर दारात चपला घालत विचारायचे, "काय, झालं का वाक्य?" ती काही ना काही सांगायची. दोरा आणायला बाजारात जॉन्ट काढला. बहिणीच्या बाळंतपणाला जॉन्टला गेले. सगळ्या वाक्यांत काम होतं, कारण कामाशिवाय ती कुठे गेलीच नव्हती. गेल्याशिवाय वाक्य येणार नाही आणि वाक्य आल्याशिवाय नेणार नाहीत, एवढी साधी गोष्ट उमगायला तिला अकरा वर्षं लागली. उमगल्यावर तिनं उत्तर देणं बंद केलं. मास्तर विचारतच राहिले.

त्यातलं एक वाक्य फार गाजलं. 'दवाखान्यातून येताना माझा जॉन्ट झाला.' मास्तर ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. "आमच्या मंडळींचा जॉन्ट ऐका!" पोरं बाकं बडवून हसत. निवृत्तीपर्यंत दर वर्षी नवा वर्ग हसला. मुलीच्या लग्नात जुने विद्यार्थी ओळीनं भेटायला आले तेव्हा एकानं हात जोडून विचारलं होतं, "काकू, हल्ली दवाखान्यात जॉन्ट होतो की नाही?" तिनं त्याला हसून जेवायला पाठवलं.

मंगळवारी ती तरुण बाई आली. शब्दाचं ऐकून म्हणाली, "वा काकू, छान युक्ती! जायची ओढ आहे तर प्रयत्न करतील. फक्त जास्त ताणू नका हं."

"नाही ताणत," ती म्हणाली.

बुधवारी मास्तरांनी ज लावून धरला. "ज… ज… जा…" कपाळावर घाम आला. ती अभ्रे शिवत होती आणि मधूनच मान वर करत होती. "नाही. जा नव्हे." गुरुवारी त्यांना 'जान' जमला. मग 'जान'चा 'जेवण' झाला, आणि ती उठून पानं वाढायला गेली. मास्तर जोरजोरात "नको, नको" म्हणत राहिले. जेवण नको होतं त्यांना. हे तिला कळलं होतं. फार लवकर कळलं होतं.

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. शेजारणीनं तिला फोन करून सगळं सांगितलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि खोलीचा पडदा ओढून घेतला, जणू पडद्यानं आवाज अडतो.

"आई, हे काय चालवलंयस?"

"काय?"

"ते काय शाळेत आहेत का? जाऊ दे ना त्यांना तळ्यावर. आठ महिने भिंतीकडे बघतायत."

"जातील की. वाक्य आलं की जातील."

"बाबा गंमत करायचे गं. स्वभावच तसा होता त्यांचा."

"मीही गंमतच करतेय."

"ही गंमत वाटत नाहीये आई."

"नाही वाटत," ती म्हणाली. यंत्राच्या सुईत ती दोरा ओवत होती. एकदा हुकला. तिनं टोक ओलं केलं आणि पुन्हा ओवला. "दवाखान्याचं वाक्य माहीत आहे तुला?"

"कुणाला माहीत नाही! आमच्या वर्गात पण सांगितलं होतं त्यांनी. सगळ्या मुली माझ्याकडे बघून…" मुलगी थांबली.

"तू पण हसलीस."

"मी बारा वर्षांची होते आई."

"अगं, मी कुठे रागावले? घरी येऊन तूच सांगितलंस मला हसत हसत. तेव्हा कळलं, ते वर्गात सांगतात म्हणून." तिनं यंत्राचा पाय खाली सोडला, पण चाक फिरवलं नाही. "तुझ्या आधी एक मुलगा झाला होता मला."

मुलगी यंत्राशेजारी खाली बसली.

"दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी मला सोडलं. शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तुझे बाबा न्यायला आले नाहीत; गाडी करून ये म्हणाले. मी एकटीच आले. हात मोकळे होते. मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसले. नदीच्या कडेनं रस्ता होता. झाडं फुलली होती, तोंडावर वारा येत होता. आणि मला बरं वाटलं. पाचच मिनिटं. मूल तिथं ठेवून आलेल्या बाईला बरं वाटलं! मला इतकी लाज वाटली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरी तेच होते. कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी? मग त्यांच्याच शब्दात सांगितलं. दवाखान्यातून येताना माझा जॉन्ट झाला, म्हटलं."

"मग?"

"मग काय. त्यांना वाटलं, मी वाक्य करतेय. चूक, म्हणाले. दवाखान्याला जॉन्ट नसतो. आणि हसले."

मुलीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांनाही दुःख झालं असेल ना गं. पुरुषमाणूस. हसण्यावारी नेलं असेल."

"असेल."

"मग?"

"मग काही नाही. झालं असेल दुःख."

"आई, तू अशी नव्हतीस."

"कशी होते मी?" तिनं विचारलं. खरंच विचारलं. मुलगी उत्तर शोधत राहिली. तिच्या तोंडावर ती शोधाशोध स्पष्ट दिसत होती. शेवटी ती उठली, बाबांची उशी सारखी केली आणि मुलांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेली.

पडद्याआड मास्तर जागे होते. ती आत गेली तेव्हा त्यांचे डोळे तिच्यावर होते. ते काही म्हणाले नाहीत. पुढचासुद्धा नाही.

शनिवारी भर दुपारी, ती कात्रीनं अभ्र्याचे दोरे कापत असताना, मास्तर स्वच्छ म्हणाले, "जॉन्ट."

तिनं कात्री खाली ठेवली. "परत म्हणा."

"जॉन्ट."

"बरोबर. अर्थ?"

मास्तरांनी डोळे मिटले. डावा हात उचलून हवेत पुढे नेला, परत आणला. जाऊन यायचं. मग हाताचा पंजा पाण्यासारखा हलवला आणि स्वतःच्या ओठांना लावला. ओठ हलले. "म… मजा."

"बरोबर," ती म्हणाली. परीक्षेत लबाडी करायची नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. जे बरोबर ते बरोबर. "आता वाक्य."

मास्तरांचा चेहरा उजळला. हे त्यांना सोपं होतं. आयुष्यभर ते भटकले होते. "तळं," ते म्हणाले. "हो… होडी. जॉन्ट."

"कधीचं हे?"

त्यांनी हात मागे, खूप मागे टाकून दाखवला.

"जुनं चालायचं नाही," ती म्हणाली. "या आठ महिन्यांतलं पाहिजे. या खोलीतलं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग पलंगाकडे बघितलं, खिडकीच्या गजांकडे बघितलं, औषधाच्या बाटल्यांकडे बघितलं. ती पुन्हा दोरे कापायला लागली. तीन वाजले, चार वाजले. मास्तरांचे ओठ हलत होते आणि मिटत होते. एकदा त्यांनी उशीवर मूठ आपटली. पाच वाजता त्यांनी नुसती हनुवटी संडासाच्या दिशेनं केली. तेवढं मात्र ती न मागता करी. त्या बाबतीत बाईचा नियम ती पाळत नसे, कारण चादर तिलाच धुवावी लागे.

तिनं त्यांना उठवलं. डावा हात आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला मिठी घातली. पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं होती. मास्तरांचा अख्खा भार तिच्यावर, उजवा पाय फरशीवरून फरफटत. सहा पावलं झाली आणि मास्तर थांबले.

"काय झालं? दुखतंय?"

"नको," मास्तर म्हणाले. त्यांनी मान तिच्याकडे वळवली. इतक्या जवळून तो चेहरा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. अर्धा ओघळलेला, अर्धा तोच. त्या अर्ध्यात जुनी चमक आली होती, वर्गात कोटी करण्याआधी यायची ती. त्यांनी हनुवटीनं समोरचं दार दाखवलं. "मी," ते म्हणाले. "रोज. तू… मी. जॉन्ट. सं… संडास."

आणि हसले. घशातून घरघरत, लाळ गळत, पण हसले. आठ महिन्यांतली पहिली कोटी. आणि पहिल्यांदाच त्यांनी ती स्वतःवर केली होती.

हसू तिच्या गळ्यापर्यंत आलं. खरोखर आलं. दात दाबून धरावे लागले इतकं आलं. ते एकदा सुटलं असतं तर दोघंही तिथंच, संडासाच्या वाटेवर, एकमेकांना धरून हसत बसले असते आणि रविवारी गाडीत शेजारी शेजारी बसले असते. मास्तर वाट बघत होते. त्यांच्या नजरेत कोटीशिवाय आणखीही काहीतरी होतं. पडद्याआडून ऐकलेलं होतं. माफी मागायचा शब्द नव्हता त्यांच्याजवळ, म्हणून होता तो शब्द घेऊन ते आले होते.

तिला तेही कळलं. लगेच कळलं.

"चूक," ती म्हणाली. "हे काम आहे. नापास."

खांद्यावरचा हात एकदम जड झाला. हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. उरलेली पाच पावलं नेईपर्यंत उशीर झाला होता. त्यांच्या पायजम्यातून फरशीवर ओघळ आला. तिनं त्यांना खाली बसवलं, धुतलं, पुसलं, कोरडे कपडे घातले. एकही शब्द न बोलता, आणि एकही काम हयगयीनं न करता. मग मॉनिटरला फोन केला. "सकाळी गाडी आण," म्हणाली.

रविवारी सातला मॉनिटर दारात. मागे आणखी दोघे, खुर्ची उचलायला बाह्या सरसावून आलेले. ती चांगले कपडे घालून उभी होती. मास्तर पलंगावर, पाठ करून. उशाशी शेजारीण मटार सोलत बसली होती.

"सर तयार नाहीत?"

"ते नाही येत."

"बरं नाही का?"

"बरे आहेत. परीक्षेत नापास झाले."

मॉनिटर खो खो हसला. "काकू, तुम्ही पण ना!" मग पलंगाकडे बघून त्याचं हसू अर्धवट राहिलं. "म्हणजे… झोपलेत का? आम्ही उचलून नेतो की. अलगद."

"नको. मी येतेय. चला."

शेजारीण मटारची शेंग हातात धरून बघत राहिली. "वहिनी, अहो, तुम्ही एकट्या?"

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "मागितल्याशिवाय देऊ नका."

गाडीत तिला खिडकी दिली. थोडा वेळ सगळे सरांबद्दल हळू आवाजात बोलले, मग आवाज मोठे झाले, मग गाणी सुरू झाली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंच, "काकू, तुमचं ते दवाखान्याचं वाक्य आम्ही अजून पोरांना सांगतो!" ती खिडकीबाहेर बघत होती. "ते वाक्य बरोबर होतं," ती म्हणाली. पण ती पुटपुटते असंच सगळे म्हणत. मागे ऐकू गेलं नाही.

तळं मोठं होतं. त्यांनी सतरंजी पसरली, डबे उघडले. बॅचमधल्या एकीनं सुरी आणि फळं तिच्यापुढे आणून ठेवली. "काकू, एवढं चिरून देता?"

"नाही," ती म्हणाली. "मी बसणार आहे."

आणि ती बसली. पाण्यावर ऊन होतं. लांब एक होडी उभी होती. तिचे हात मांडीवर ठरत नव्हते, सतरंजीची कड दुमडायला धावत होते. तिनं एक हात दुसऱ्याखाली दाबून ठेवला. वारा आला, तोंडाला लागला. बरं वाटलं. दुपारी तीनला कुणीतरी वेळ विचारली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला घराची एकदाही आठवण झाली नाही. तिनं मनात शोधून बघितलं, कुठे लाज वाटतेय का. नाही वाटली. त्याचीच जरा भीती वाटली.

संध्याकाळी शेजारीण जिना उतरता उतरता भेटली. "वहिनी, मास्तरांनी काही मागितलंच नाही हो. पाणीसुद्धा नाही. तुम्ही म्हणाला होता म्हणून मी पण…" तिचे डोळे ओले होते. "शेवटी चारला मीच पाजलं."

मंगळवारी तरुण बाई चित्रांचे पत्ते घेऊन आली. खुर्ची ओढून पलंगाशी बसली. पेल्याचं चित्र धरलं, झाडाचं धरलं, घराचं धरलं. "सर, हे काय? बघा तरी इकडे. मागच्या आठवड्यात किती छान चाललं होतं!" मास्तरांनी बघितलं. बघितलं नाही असं नाही. पण ओठ हलले नाहीत. हो नाही, नको नाही. पुढचा म्हणायला त्यांनी हनुवटीही उचलली नाही. बाईनं पत्ते बदलले, आवाज बदलला, स्वतः तोंडाचे आकार करून दाखवले. मग वहीत काहीतरी लिहिलं.

"रविवारपासून असेच आहेत?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"पण रविवारी तर तळ्यावर जाणार होतात ना तुम्ही?"

"मी गेले होते," ती म्हणाली.

"तुम्ही एकट्याच? काही काम निघालं होतं का तिकडे?"

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. आठवीतल्या मुलीसारखी ताठ, हात बाजूला. बाईकडे न बघता, उशीवरच्या त्या चेहऱ्याकडे बघत, एरवीपेक्षा जरा मोठ्यानं ती म्हणाली, "नाही. काहीच काम नव्हतं. तळ्यापर्यंत गेले, दिवसभर बसले, परत आले. जॉन्ट होता."

मास्तर भिंतीकडे बघत होते.

बाईनं पत्त्यांना रबर लावलं, वही पिशवीत घातली. "बसा ना काकू," ती म्हणाली. "किती वेळ उभ्या आहात."

"हो, बसते," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.